वाट वाकडी करून जावे असे जेवण

पिझ्झाच्या दुकानात शेवटी मागवला जाणारा चोको लावा केक आता महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांतही मिळू लागला आहे. चमच्याने वरचे कवच फोडले की आतून गरम, पातळ चॉकलेट वाहू लागते आणि ताटाभोवती बसलेली मुले हरखून जातात. या कल्पनेचे मूळ शोधत गेल्यास आपण पॅरिसच्या एखाद्या झगमगत्या हॉटेलात पोहोचत नाही. दक्षिण फ्रान्समधील ओब्राक नावाच्या उंच, वाऱ्यावरच्या पठारावर लायोल हे सुमारे बाराशे वस्तीचे गाव आहे, तिथे आपण पोहोचतो. १९८१ साली या गावातल्या मिशेल ब्रास या शेफने दोन वर्षांच्या खटपटीनंतर आतून वाहणारा चॉकलेटचा केक सिद्ध केला.

त्याची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. चॉकलेट आणि साय यांचे मिश्रण गोठवून त्याची एक घट्ट गोळी करायची, ती केकच्या कच्च्या पिठात मधोमध बसवायची, मग सगळेच गोठवायचे आणि तसेच थेट भट्टीत घालायचे. बाहेरचे पीठ भाजून केक होईपर्यंत आतली गोळी नुकती वितळलेली असते. केक पूर्ण शिजलेला असतो, त्यात कच्चेपणा कुठेच नसतो. पुढे न्यूयॉर्कमध्ये केक मुद्दाम कमी भाजून मध्यभागी ओलसर ठेवण्याची सोपी रीत लोकप्रिय झाली आणि जगभरच्या दुकानांनी बहुतांशी तीच उचलली. मात्र आत निराळा, वाहता गाभा भरण्याची मूळ कल्पना या पठारावरची आहे.

आता प्रश्न असा की, ज्या गावात रेल्वेचे स्टेशनही नाही, तिथे जगातल्या पहिल्या रांगेतले रेस्टॉरंट उभे राहतेच कसे? लायोल हा अपवाद असता तर त्याला योगायोग म्हणून सोडून देता आले असते. पण फ्रान्सचा नकाशा समोर धरला की अशी ठिकाणे एकामागून एक दिसू लागतात: बर्गंडीतले सोल्यू, ऱ्होन नदीकाठचे व्हिएन, रोआन, व्होना, आणि अगदी दक्षिणेला पाचएकशे वस्तीचे युजेनी-ले-बाँ, जिथे मिशेल गेरार या शेफनी १९७७ साली मिशेलिन या खाद्य-मार्गदर्शिकेचे तीन तारे, म्हणजे तिची सर्वोच्च श्रेणी, मिळवली. आपल्याकडे उंची फ्रेंच जेवण म्हटले की महानगर, झुंबरे आणि पंचतारांकित हॉटेल असे चित्र डोळ्यांसमोर येते. त्या जेवणाचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. त्याच्या उत्कर्षाचा मोठा भाग गावातच घडला आणि त्यामागे रस्ता, माती आणि घराणे यांचा एकमेकांत गुंतलेला हिशेब होता.

सुरुवात पॅरिसमध्येच झाली हे खरे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे रेस्टॉरंट ही संस्था जन्माला आली आणि १७८९च्या राज्यक्रांतीनंतर सरदारांच्या वाड्यांतले अनेक आचारी बेकार होऊन याच व्यवसायात उतरले. राजेशाही पाककला राजधानीत बाजारात आली. बाकीच्या देशात वाटसरूंसाठी साध्या खानावळी आणि धर्मशाळेसारखी मुक्कामाची ठिकाणे राहिली. तिथले जेवण रुचकर असे, पण त्याची कीर्ती पंचक्रोशीबाहेर जाण्याला काही साधन नव्हते.

ते साधन एका टायरच्या कारखान्याने दिले. क्लेरमाँ-फेराँ या गावी आंद्रे आणि एद्वार या मिशेलिन बंधूंनी १८८९ साली टायरची कंपनी काढली होती. १९०० साली त्यांनी मोटारचालकांसाठी एक छोटी मार्गदर्शिका छापून फुकट वाटली. प्रती सुमारे ३५,००० होत्या आणि त्या वेळी साऱ्या फ्रान्समध्ये मोटारी तीन हजारही नव्हत्या. टायर कसा बदलावा, पेट्रोल कुठे मिळेल, गाडी दुरुस्त करणारा कोणत्या गावी आहे आणि रात्री कुठे मुक्काम करावा, अशी माहिती त्यात होती. लोकांनी प्रवास केला तर टायर झिजतील आणि टायर झिजले तर नवे खपतील, हा सरळ व्यापारी विचार त्यामागे होता. त्या विचाराने एका देशाची खाद्यसंस्कृती बदलून टाकली, हे मला आजही विलक्षण वाटते.

१९२६ साली चांगल्या जेवणाच्या ठिकाणांपुढे एक तारा छापला जाऊ लागला आणि १९३१पासून एक, दोन, तीन अशी चढती श्रेणी आली. या श्रेणीचा अर्थ मुळातच प्रवासाच्या भाषेत सांगितलेला आहे. एक तारा म्हणजे आपल्या वर्गातले फार चांगले रेस्टॉरंट. दोन तारे म्हणजे वाट वाकडी करून जावे असे. आणि तीन तारे म्हणजे केवळ त्या जेवणासाठी घरातून निघावे असे. परीक्षक कंपनीचे पगारी नोकर असतात, ओळख न देता जेवतात आणि आपले बिल स्वतः भरतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तारा फक्त ताटातल्या अन्नाला मिळतो. जागेच्या थाटमाटासाठी काटे-चमच्यांची वेगळी खूण असे, तिचा ताऱ्याशी संबंध नव्हता. त्यामुळे रस्त्याकडेच्या साध्या खानावळीलाही राजधानीतल्या संगमरवरी दिवाणखान्याच्या बरोबरीने बसता आले. हा एक नियम नसता तर पुढचे बरेच काही घडले नसते.

त्या काळचे रस्ते डोळ्यांसमोर आणले म्हणजे गावांची नावे आपोआप उलगडतात. पॅरिसमधला सुखवस्तू वर्ग मोटारीने दक्षिणेच्या समुद्रकिनाऱ्याकडे निघे. राष्ट्रीय मार्ग क्रमांक ६ सोल्यूवरून लिऑनला जाई; क्रमांक ७ हा जवळपास हजार किलोमीटरचा मार्ग रोआन, लिऑन, व्हिएन, व्हालाँस असे करीत भूमध्य समुद्राला भिडे. त्या वेळच्या मोटारींना हा प्रवास एका दमात झेपणारा नव्हता. पॅरिसहून सकाळी निघालेली गाडी अडीचशे किलोमीटरवरच्या सोल्यूला पोहोचेपर्यंत भुकेची आणि विश्रांतीची वेळ होई. लिऑनच्या पुढचे व्हिएन हा मुक्कामाचा टप्पा होता. सोल्यूला अलेक्सांद्र द्युमेन यांचे आणि व्हिएनला फेर्नां प्वाँ यांचे रेस्टॉरंट नावारूपाला आले ते याच टप्प्यांवर.

प्वाँ यांच्याविषयी थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण आधुनिक फ्रेंच पाककलेची गुरुपरंपरा त्यांच्यापाशी येऊन मिळते. हे व्हिएन म्हणजे ऑस्ट्रियाची राजधानी नव्हे. हे लिऑनच्या दक्षिणेला तीसएक किलोमीटरवरचे रोमन काळापासूनचे गाव. तिथल्या एका प्राचीन रोमन स्तंभाला लोक पिरॅमिड म्हणत, म्हणून रेस्टॉरंटचे नावही ‘ला पिरामिद’. १९३३ साली त्याला तीन तारे मिळाले. रोजचा स्वयंपाक रोज नव्याने सुरू करायचा, कालचे उरलेले आज वापरायचे नाही, पदार्थ त्याच्या मूळ चवीचाच लागला पाहिजे, ही त्यांची शिस्त होती. त्यांच्या हाताखाली पॉल बोक्यूझ, जाँ आणि पिएर हे त्रुआग्रो बंधू आणि आलँ शापेल तयार झाले, आणि शिकून झाल्यावर हे सर्व जण आपापल्या गावी परतले. विद्या गावात मिळाली होती, त्यामुळे ती गावातच चालवण्यात त्यांना काही कमीपणा वाटला नसावा.

बोक्यूझ यांचे आणखी एक गुरुस्थान होते आणि ते एका स्त्रीचे होते. लिऑनच्या परिसरात सधन घरांतून स्वयंपाक केलेल्या अनेक बायकांनी पुढे स्वतःची रेस्टॉरंट काढली. लोक त्यांना आदराने ‘मेर’, म्हणजे आई, म्हणत. त्यांतल्या युजेनी ब्राझिए यांनी १९२१ साली लिऑनमध्ये छोटी जागा घेतली आणि काही वर्षांनी शहराबाहेरच्या कोल द ला ल्युएर या डोंगरखिंडीत दुसरे ठिकाण उघडले. १९३३ साली या दोन्ही ठिकाणांना प्रत्येकी तीन तारे मिळाले. शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या या बाईंचा गाजलेला पदार्थ म्हणजे ‘अर्ध्या दुखवट्यातली’ कोंबडी: कोंबडीच्या कातडीखाली काळ्या ट्रफलच्या, म्हणजे जमिनीखाली वाढणाऱ्या सुगंधी अळंबीच्या, पातळ चकत्या सरकवायच्या आणि ती मंद रश्श्यात शिजवायची. पांढऱ्या कातडीतून काळ्या चकत्या दिसतात आणि दुखवटा संपत आल्यावर घालायच्या काळ्या-पांढऱ्या वस्त्रांची आठवण होते, म्हणून हे नाव.

मराठी वाचकाला फ्रेंच पाककलेतले परिवर्तन समजावून सांगायचे तर मला रोआनचे उदाहरण सर्वांत जवळचे वाटते. त्रुआग्रो कुटुंबाने १९३० साली रोआनच्या रेल्वे स्टेशनासमोर एक साधे हॉटेल घेतले. पुढच्या पिढीतल्या जाँ आणि पिएर या भावांनी १९६०च्या दशकात तिथे एक पदार्थ घडवला: रावस जातीतला नव्हे, पण तशाच मांसल साल्मन माशाचा पातळ काप, आणि त्यावर चुक्याचा सॉस. हा फ्रेंच चुका आपल्या आंबट चुक्याचा सख्खा भाऊबंदच आहे, दोन्ही एकाच कुळातले. जुन्या पद्धतीत मासा बराच वेळ शिजवून त्यावर पीठ लावून दाट केलेला सॉस ओतत असत. या भावांनी मासा पातळ कापून न चिकटणाऱ्या तव्यावर काही सेकंदच धरला आणि सॉसमधले पीठ काढून टाकले. माशाचा अर्क, पांढरी वाइन आणि व्हर्मूथ, म्हणजे वनस्पतींनी सुगंधित केलेली वाइन, हे आटवायचे, त्यात साय घालायची आणि अगदी शेवटी चुक्याची पाने टाकायची. साल्मन हा तेलकट मासा आहे. चुक्याच्या आंबटपणाने तो तेलकटपणा तोडला जातो. बांगड्याच्या तिखल्यात कोकम का घालतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हा पदार्थ निराळा समजावून सांगावा लागत नाही.

याच घराने आणखी एक बदल रुजवला. पूर्वी पदार्थ मोठ्या थाळ्यात बाहेर येई आणि वाढपी तो पाहुण्यासमोर कापून वाढे. इथे प्रत्येकाची बशी स्वयंपाकघरातच सजून येऊ लागली, म्हणजे शेवटचा हात वाढप्याचा न राहता शेफचा झाला. १९६८ साली मिळालेले तीन तारे या घराने पन्नासहून अधिक वर्षे टिकवले, आणि २०१७ साली त्यांनी रोआन सोडले तेही मोठ्या शहराकडे जाण्यासाठी नव्हे, तर काही किलोमीटरवरच्या ऊश या लहानशा खेड्यात, शेत आणि तळ्याजवळ राहण्यासाठी.

अशा जेवणाचा क्रम आपल्याला अपरिचित वाटतो, पण तोही फार जुना नाही. फ्रेंच राजदरबारात एके काळी अनेक पदार्थ एकाच वेळी मेजावर मांडले जात; आपल्या पंक्तीच्या ताटाशी ती पद्धत बरीच जुळणारी होती. एकामागून एक पदार्थ आणण्याची रीत एकोणिसाव्या शतकात रशियन चालीवरून आली आणि रुजली, कारण त्यामुळे प्रत्येक पदार्थ त्याच्या योग्य उष्णतेत समोर येतो. आधी एका घासाचे काही तरी येते, त्याने शेफची ओळख होते. मग सुरुवातीचा पदार्थ, मग मासा किंवा मांस, मग चीज, मग गोड, आणि कॉफीबरोबर इवल्या मिठाया. मीठ-लिंबू-चटणी-कोशिंबीर यांनी आपण ताटात एकाच वेळी जो तोल साधतो, तो तोल तिथे तीन तासांच्या अवधीत पसरलेला असतो. हलके ते जड, जड ते आंबट-ताजे, असा तो प्रवास आहे. घाई करणाऱ्याला हे जेवण कधीच कळत नाही.

मातीचा हिशेब व्होना या गावाजवळ सर्वांत स्पष्ट दिसतो. ब्लाँ घराण्याची खानावळ तिथे १८७२पासून आहे, आणि गाव ब्रेस प्रांतात आहे. ब्रेसची कोंबडी पांढऱ्या पिसांची, लाल तुऱ्याची आणि निळ्या पायांची असते आणि तिला १९५७पासून कायद्याने भौगोलिक नावाचे संरक्षण आहे. प्रत्येक पक्ष्याला किमान दहा चौरस मीटर गवताळ जागा द्यावी लागते, तो सुमारे चार महिने वाढवावा लागतो, आणि शेवटचे काही दिवस लाकडी खुराड्यात दूध आणि धान्यावर ठेवला जातो. इतके कष्ट घेतलेली कोंबडी जिथे शेजारच्या शेतातून येते तिथे रेस्टॉरंटने शहरात जाण्याचे कारणच उरत नाही.

लायोलला मात्र असे काहीच तयार नव्हते, आणि म्हणून मला तेच गाव अधिक मोलाचे वाटते. समुद्रसपाटीपासून हजार मीटर उंची, लांबलचक हिवाळा, बेसॉल्टचा काळा दगड, गवत आणि गाई. पोट भरेना म्हणून इथली माणसे पिढ्यान् पिढ्या पॅरिसला जात आणि तिथे कोळसा विकत, कॅफे चालवत. राजधानीतल्या कॅफेंचा मोठा हिस्सा या प्रांतातल्या लोकांनी उभा केला आहे. कोकणातून मुंबईला गेलेल्या कुटुंबांना ही कथा ओळखीची वाटेल. मिशेल ब्रास गेले नाहीत. त्यांच्या आईची गावात खानावळ होती, तिच्याच हाताखाली ते शिकले. कोणत्याही नामांकित शेफकडे त्यांनी उमेदवारी केली नाही. आईचा हातखंडा आलिगोचा होता: शिजवलेल्या बटाट्यात ताजे, न मुरवलेले चीज घालून लाकडी उलथन्याने इतके घोटायचे की वर उचलल्यावर हातभर लांब तार निघते.

ब्रास यांना पठारावर धावण्याचा नाद होता. जूनमध्ये सारे माळरान रानफुलांनी भरून येते, ते दृश्य बशीत आणण्याच्या ध्यासातून १९८०च्या सुमारास ‘गारगुयू’ हा पदार्थ जन्माला आला. त्यात पन्नास-साठ, कधी त्याहूनही जास्त, भाज्या, कोंब, पाने, फुले आणि बिया असतात. प्रत्येक भाजी वेगळी निवडली जाते, वेगळी शिजवली जाते आणि त्या दिवशी बागेत आणि बाजारात जे मिळेल त्यानुसार बशी बदलते. गारगुयू हे नाव मुळात इथल्या शेतकऱ्यांच्या बटाट्याच्या साध्या कालवणाचे आहे. भाजी ही मांसाशेजारी ठेवायची शोभा समजली जात होती त्या काळात त्यांनी तिला मुख्य पदार्थाचा मान दिला. आज जगभरच्या महागड्या रेस्टॉरंटांत रानपाने आणि फुले मांडलेल्या ज्या बशा दिसतात, त्यांची आजी ही बशी आहे. १९९२ साली ब्रास यांनी गावाबाहेरच्या टेकडीवर काच आणि दगडाची नवी वास्तू बांधली आणि १९९९ साली तिसरा तारा तिथे पोहोचला.

गावानेही त्याच काळात स्वतःला सावरले. १९६०मध्ये दूध उत्पादकांनी सहकारी संस्था काढून लायोल चीज नामशेष होण्यापासून वाचवले, आणि गावच्या नावाने ओळखली जाणारी पण दुसरीकडे बनू लागलेली सुरी १९८७मध्ये नव्या कारखान्यासह गावात परत आली. मोठे रेस्टॉरंट एकटे जगत नाही. त्याला चीज करणारा, सुरी घडवणारा आणि रानपाला ओळखणारा शेजारी लागतो.

या सगळ्याची किंमतही मोठी असते. तीन ताऱ्यांच्या स्वयंपाकघरात जवळपास पाहुण्यांइतकेच कामगार लागतात, माल रोज ताजा लागतो, आणि दूर गावी ओस पडलेल्या मेजांची भरपाई रस्त्यावरच्या येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून होत नाही. म्हणून अशा बहुतेक ठिकाणी राहण्याच्या खोल्या असतात आणि घर चालते ते बरेचसे त्यांच्यावर. सोल्यूची कथा याची साक्ष आहे. १९७०मध्ये पॅरिस-लिऑन द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि तो सोल्यूला बाजूला ठेवून गेला. जुन्या रस्त्यावरची वर्दळ आटली. बर्नार लुआझो हे शेफ १९७५ साली तिथे आले ते पडत्या काळात. साय आणि लोणी कमी करून, भांड्याच्या तळाला धरलेला अर्क नुसत्या पाण्याने सोडवून सॉस करण्याची रीत त्यांनी रूढ केली, कर्ज काढून वास्तू नवी केली आणि १९९१ साली तिसरा तारा मिळवला. अडीचएक हजार वस्तीच्या गावाची रोजीरोटी एका माणसाच्या हातच्या चवीवर अवलंबून राहू लागली. २००३च्या फेब्रुवारीत दुसऱ्या एका मार्गदर्शिकेने त्यांचे गुण घटवले होते आणि तारा जाण्याच्या वावड्या उठत होत्या. कर्जाने आणि नैराश्याने ग्रासलेल्या लुआझो यांनी वयाच्या ५२व्या वर्षी आत्महत्या केली. तीन तारे त्या वर्षी कायमच होते. माणसाच्या मनातल्या अंधाराला एकच कारण देणे बरोबर नाही, पण हा भार किती जीवघेणा असू शकतो हे साऱ्या व्यवसायाला तेव्हा कळले.

लायोलला मिशेल ब्रास यांचे चिरंजीव सेबास्तियाँ यांनी २०१७ साली आपल्याला ताऱ्यांच्या यादीतून वगळावे अशी विनंती केली, ती या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. रोजच्या परीक्षेच्या धास्तीविना स्वयंपाक करायचा आहे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. २०१८च्या अंकातून त्यांचे नाव काढले गेले आणि २०१९च्या अंकात ते दोन ताऱ्यांसह पुन्हा छापले गेले. त्यांनी स्वयंपाक आपल्याच पद्धतीने चालू ठेवला.

फ्रान्सला जाणाऱ्या मराठी प्रवाशाने अशा एखाद्या गावाची वाट धरायची ठरवली, तर काही गोष्टी आधी माहीत असाव्यात. जागा कित्येक आठवडे आधी राखून ठेवावी लागते. रात्रीच्या पूर्ण जेवणाचे बिल माणशी काही शे युरो होते, पण अनेक घरांत दुपारचे जेवण बरेच स्वस्त असते आणि स्वयंपाकी तेच असतात. शाकाहारी असाल तर जागा राखतानाच स्पष्ट सांगा. गारगुयूसारख्या भाज्यांच्या पदार्थातही मूळ कृतीत डुकराच्या खारवलेल्या मांसाचा काप परतलेला असतो, सॉस बहुधा हाडांच्या अर्कावर उभे असतात आणि परंपरागत चीज वासराच्या जठरातल्या विरजणाने लावलेले असते. आधी कळवल्यास अशी घरे वेगळे जेवण मनापासून करतात. लायोलला जायचे तर रोदेझ या शहरापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटर मोटारीने जावे लागते, आणि जायचे ते वसंत ते शरद या काळातच, कारण हिवाळ्यात पठार बर्फाखाली असते आणि टेकडीवरचे रेस्टॉरंट बंद असते. तिथे जेवायला बसल्यावर समोर गावची सुरी ठेवली जाते. पदार्थ बदलतील, बश्या बदलतील, सुरी तीच राहील, कारण पठारावरचा गुराखी आपली सुरी पावाला पुसून पुढच्या घासासाठी जवळच ठेवत असे.